ठाण्याच्या घरात साठ लिटर समुद्र

मासे आणि प्रवाळ ठेवण्यासाठी खाऱ्या पाण्याची टाकी लावायचे घरात ठरले, तेव्हा सासऱ्यांनी विचारलेला पहिला प्रश्न मिठाचा होता. त्यांचे बालपण उरणच्या मिठागरांच्या शेजारी गेलेले असल्याने मत्स्यालयाच्या दहा किलो मिठासाठी साडेचार हजार रुपये मोजणे त्यांना पटण्यासारखे नव्हतेच. ‘‘अगं, उरणहून पोतेभर खडे मीठ आणून देतो, तेही समुद्राचेच ना?’’ असे ते म्हणाले. प्रश्न इतका रास्त होता, की त्याचे उत्तर नीट समजून घेतल्याशिवाय मला पुढे जाववेना. मिठागरात पाणी आटत जाते तसे त्यातील क्षार एकदम नव्हे, तर क्रमाने बाहेर पडतात. कॅल्शियमचा बराचसा भाग जिप्समच्या रूपाने आधीच तळाशी बसतो, मग खाण्याचे मीठ जमते आणि मॅग्नेशियमचे कडवट क्षार उरलेल्या पाण्यातच राहून जातात. त्यामुळे पोत्यात भरलेले मीठ समुद्रातून आलेले असले, तरी त्यापासून पुन्हा समुद्राचे पाणी तयार होत नाही. मत्स्यालयासाठी बनवलेले मिश्रण घेण्याला पर्याय नव्हता, आणि त्या खर्चात मी काटछाट केली नाही. सासऱ्यांचे खडे मीठ मात्र वाया गेले नाही. ते कोठे लागले, हे पुढे येईलच.

जीव वगळता संपूर्ण मांडणीला मला सुमारे २३,००० रुपये लागले. ज्या वस्तूची जागा कष्टाने किंवा वेळाने भरून काढता येते, तेथे पैसे वाचवायचे. पाणी, त्याचे मोजमाप आणि जीव कोठून आणायचे, या तीन बाबतींत मात्र वाचवायचे नाहीत, असे मी ठरवले होते. टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३६ उंच, म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण ६५ लिटरची आहे. ती स्थानिक काचवाल्याकडून आठ मिलिमीटरच्या काचेत २,२०० रुपयांत करून घेतली. पाणी, दगड, वाळू आणि काच मिळून वजन ८५ किलोच्या घरात जाते. म्हणून जुन्या टीपॉयवर ती ठेवण्याचा मोह टाळून सुताराकडून घडवंची करून घेतली. दिवा जुना घेतला, पाणी फिरवणारा वेव्हमेकर साधा घेतला आणि प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातील घाण बाहेर काढणारे यंत्र, घेतलाच नाही. एवढ्या छोट्या टाकीत दर आठवड्याला सहा लिटर पाणी बदलले, तर स्किमरवाचून काही अडत नाही. त्या सहा लिटरांना २३० ग्रॅमच्या आसपास मीठ लागते, म्हणजे महिन्याला किलोभर.

जुहूच्या किनाऱ्यावरून कॅन भरून आणण्याचा सल्लाही मला एकाहून अधिक लोकांनी दिला. मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी आणि गाळ मिसळलेला असतो, शिवाय पावसाळ्यात त्याचा खारेपणा उतरतो. त्यामुळे त्या फुकटच्या पाण्याची किंमत शेवटी जीवांनाच मोजावी लागते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि नळातून आलेले थोडेसे तांबेदेखील गोगलगायी व कोळंब्यांना घातक ठरतो. घरच्या आरओ यंत्राला मी १,२०० रुपयांचे डीआय रेझिनचे, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांचे, नळकांडे जोडले. अनेक घरगुती यंत्रे चवीसाठी शेवटी क्षार परत मिसळतात, म्हणून जोडणी त्या टप्प्याच्या आधी करावी लागते. आमच्याकडे आरओनंतर टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, १८ येत असे, तो नळकांड्यानंतर शून्यावर आला. खारेपणा मोजायला तरंगकाट्याचे स्वस्त साधन मिळते, पण त्याला एखादा बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो. त्यामुळे दीड हजार रुपयांचा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबातून प्रकाश किती वळतो यावरून खारेपणा दाखवणारे साधन, घेतला. विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ ठेवायचे, म्हणजे हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार.

सर्वांत जास्त विचार दगडांचा करावा लागला. परदेशी व्हिडिओंमध्ये सर्रास लाइव्ह रॉक, म्हणजे प्रवाळभित्तीवरून आणलेले जिवंत दगड, वापरलेले दिसतात. आपल्याकडे तो मार्ग बंद आहे, आणि तो बंद असावा असेच माझे ठाम मत आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली भित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे समाविष्ट झाले. मालवणजवळच्या पाण्यात आणि आंग्रिया बँक या अरबी समुद्रातील बुडालेल्या पठारावर आज जे प्रवाळ आहेत, ते कोणाच्या दिवाणखान्यासाठी तेथून हलता कामा नयेत. प्रवाळाचे वाळलेले सांगाडे ‘डेकोरेशन’ म्हणून दाखवणारी दुकाने मी पाहिली आहेत. तेही घेऊ नयेत.

म्हणून दगड घरीच केले. सिमेंटच्या एका भागाला धुतलेल्या शिंपल्यांच्या चुऱ्याचे चार भाग घेतले आणि त्यात उरणचे खडे मीठ मिसळले. ओल्या वाळूत खड्डे करून त्यांत हे मिश्रण ओतले. घट्ट झालेले दगड पाण्यात बुडवले, की मीठ विरघळते आणि त्याच्या जागी छिद्रे उरतात. जीवाणूंना वस्तीसाठी हीच छिद्रे हवी असतात. सासऱ्यांनी ते काम गच्चीवर बसून मोठ्या निगुतीने केले. सिमेंटमुळे सुरुवातीला पाण्याचा पीएच फार वर जातो, म्हणून दगड सात आठवडे पिंपात भिजत ठेवून पाणी वरचेवर बदलावे लागले. बदललेल्या पाण्याचा पीएच साडेआठच्या खाली टिकू लागल्यावरच ते टाकीत रचले.

त्यानंतरची, दगडांत जीवाणू वसेपर्यंतची प्रतीक्षा बिनखर्चाची, पण टाळता न येणारी आहे. बाजारातून आणलेल्या कोळंबीचा एक तुकडा जाळीच्या पिशवीत घालून टाकीत सोडला. तो कुजून जीवांना विषारी असणारा अमोनिया तयार झाला. जीवाणूंच्या एका गटाने त्याचे नायट्राइट केले आणि दुसऱ्याने नायट्राइटचे नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला ४१ दिवस लागले. नंतर काचेवर व दगडांवर तपकिरी थर चढला. तो डायटम या एकपेशीय शैवालाचा होता आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरला.

पहिली हानी माझ्या निष्काळजीपणाने झाली. पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ मागेच राहते. म्हणून रोज आटणाऱ्या पाण्याची भर गोड्या पाण्यानेच घालायची असते. आम्ही पाच दिवस गावी गेलो असता शेजारच्या काकूंनी रोज एक लिटर पाणी न चुकता घातले, पण ते खाऱ्या पाण्याच्या कॅनमधले. दोन्ही कॅन सारखेच होते आणि मी त्यांवर काहीही लिहिले नव्हते. टाकीत प्रत्यक्ष पाणी जेमतेम ५० लिटर, त्यात पाच दिवसांत पावणेदोनशे ग्रॅम मीठ वाढले. परतलो तेव्हा रिफ्रॅक्टोमीटर १.०२९ दाखवत होता आणि दोन गोगलगायी मेल्या होत्या. दोन दिवसांत हळूहळू खारेपणा उतरवला. आता गोड्या पाण्याच्या कॅनला निळी पट्टी आहे.

ठाण्यातला एप्रिल-मे हा छोट्या टाकीचा खरा शत्रू आहे. पाणी तीस अंशांवर रेंगाळू लागले, की प्रवाळ आपल्या पेशींतील शैवाल बाहेर टाकून पांढरे पडू लागतात. चिलर माझ्या सबंध मांडणीहून महाग होता. सातशे रुपयांचा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा लावल्याने तापमान दोन-अडीच अंशांनी उतरते. मात्र मग रोज दीड लिटर पाणी आटते आणि हवा दमट असेल तर पंख्याचा गुण कमी येतो. दिवा मी संध्याकाळी पाच ते रात्री एक असा ठेवते, म्हणजे त्याची उष्णता दुपारच्या उकाड्यात मिसळत नाही. वीज गेल्यास पॉवर बँकेवर चालणारा हवेचा छोटा पंप तयार असतो, आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊनच वर नेलेली आहे, जेणेकरून ओघळलेले खारे पाणी प्लगपर्यंत पोहोचू नये.

मासे दोनच आहेत, दोन्ही हॅचरीत जन्मलेले क्लाऊनफिश. तमिळनाडूतील मंडपमच्या सीएमएफआरआय (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) केंद्राने त्यांच्या प्रजननाचे तंत्र विकसित केलेले असल्यामुळे समुद्रातून पकडलेली जोडी घेण्याचे काही कारण उरत नाही. क्लाऊनफिश वयात येताना आधी नर होतात आणि जोडीतील वरचढ मासा पुढे मादी होतो. आमच्याकडचा मोठा मासा आता स्पष्टपणे थोराड दिसू लागला आहे.

प्रवाळांत झोअँथस आणि मशरूम नावाचे मऊ प्रवाळ एवढेच आहेत, तेही दुसऱ्या हौशी पालकाच्या टाकीत वाढलेल्या वसाहतींचे तुकडे. हे मऊ जीव सांगाडा बांधत नसल्याने कॅल्शियमची वेगळी मात्रा द्यावी लागत नाही. झोअँथस आणि त्याच्या जवळच्या जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असू शकते, म्हणून हातमोजे व चष्मा घातल्याशिवाय ते कापू नयेत आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू नये; त्या वाफेने माणसे रुग्णालयात पोहोचली आहेत.

झोअँथसचा नऊ तोंडांचा, म्हणजे फुलासारख्या नऊ जीवांचा, तुकडा वर्षभरात चाळिसावर गेला आहे. इमारतीतल्या एका कॉलेजच्या मुलाने गेल्या महिन्यात टाकी लावली, आणि त्याच्यासाठी मी सासऱ्यांच्या हातच्या एका दगडावर सात तोंडे वाढवत ठेवली आहेत. त्याच्या टाकीत अमोनिया अजून पाव पीपीएमवर, म्हणजे दहा लाख भागांत पाव भागावर, आहे. तो शून्यावर येऊन आठवडाभर तसाच राहिला, की दगड त्याच्याकडे जाईल.