अर्धी कापलेली थ्री-नॉट-थ्री

बायकोची एक लिपस्टिक दोन आठवडे सापडत नव्हती. शेवटी ती गॅरेजमध्ये मिळाली, कानस आणि पटाशीच्या मधोमध, टोक पार झिजलेली. "हे काय?" म्हणाली. "लाकूड बसवतोय," मी म्हणालो. यावर ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पण उत्तर खरंच तेवढंच होतं. मी दोन वर्षं एका जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलीला लाकूड बसवत होतो.

मी कोलंबसजवळ राहतो, ओहायोत. नोकरी सॉफ्टवेअरची. मूळचा सातारा जिल्ह्यातला, जिथे दर दुसऱ्या घरात एक तरी फौजी निघतोच. आमच्या घरातले अण्णा, म्हणजे माझे वडील. १९६२ च्या युद्धानंतर लगेच मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, बेळगावच्या सेंटरला शिकले आणि हवालदार होऊन घरी आले. पुढे त्यांनी एसएलआर, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी रायफल, वापरली, पण हातात पहिली आली ती थ्री-नॉट-थ्री. मीही कॉलेजात एनसीसीच्या परेडला तीच खांद्यावर घेतली होती. 'डीपी' शिक्क्याची, म्हणजे फक्त ड्रिलसाठी, गोळी न उडणारी. वजन मात्र पूर्ण, जवळजवळ चार किलो. 'सलामी शस्त्र'मध्ये पाच मिनिटं उभं केलं की मनगटाला ते बरोबर कळायचं.

ही रायफल मला शेजारच्या गावातल्या एका प्रदर्शनात दिसली. विक्रेता परवान्याचा होता, फॉर्म भरला, चौकशी झाली, सगळं रीतसर. टेबलावर पन्नासेक रायफली असतील. हिच्याकडे कुणी बघत नव्हतं, कारण ती अर्धी कापलेली होती. नळीखालचं लाकूड पुढून निम्मं उडवलेलं, नाकाडावरचं लोखंडी टोपण गायब, हँडगार्ड म्हणजे नळीवरचं लाकूड, तेही गायब. मी उचलून उजवी बाजू बघितली. बोल्टच्या, म्हणजे गोळी आत ढकलणाऱ्या दांड्याच्या, मागच्या पट्टीवर मुकुट, खाली जी.आर.आय., आणि त्याखाली १९४३. जी.आर.आय. म्हणजे जॉर्ज, राजा आणि सम्राट. ही अक्षरं इच्छापूरची. कोलकात्याच्या वर, हुगळीच्या काठी जो रायफलींचा कारखाना आहे, तिथली.

विकणारा म्हणाला, त्याच्या काकांनी पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीसाठी ती हलकी करून घेतली होती. यात काकांची चूक नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत अशा रायफली ढिगाने आल्या, टपालाने घरपोच मिळायच्या. १९६८ च्या कायद्याने ते बंद केलं, तोपर्यंत कुणी त्यांना इतिहास वगैरे समजत नव्हतं. स्वस्तातली शिकारी बंदूक हवी असेल तर एक घ्यायची, करवत लावायची, झालं. आज तीच माणसं, किंवा त्यांचे पुतणे, अखंड रायफलीसाठी तिप्पट पैसे मोजतात.

आमच्या नेमबाजीच्या क्लबात बहुतेक मंडळी एआर-१५ या आधुनिक रायफलीवाली. त्यांचा छंद मेकॅनोसारखा आहे. कायद्याच्या दृष्टीने 'बंदूक' म्हणजे नंबर असलेला खालचा सांगाडा, तेवढा दुकानातून घ्यायचा. बाकी नळी, दस्ता, दुर्बीण, पकड, सगळं आपल्या पसंतीचं. महिन्यात रूप पालटतं. मला त्यात गोडी नाही, पण नाकही मुरडत नाही. त्यांचं काम स्वच्छ असतं. फक्त ते जोडत जातात आणि मी उलटा चालतो. १९४३ साली जे होतं त्यात माझं काहीही घालायचं नाही, एवढीच माझी पसंती.

हे बोलायला सोपं आहे. यातली पहिली अक्कल मी एक लाकूड फोडून विकत घेतली. या रायफलीच्या आधी माझ्याकडे ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्याची एक होती, चांगली अखंड. एका रविवारी मागचा दस्ता काढायला म्हणून आत लांब स्क्रूड्रायव्हर घालून दस्ता धरून ठेवणारा बोल्ट फिरवला. या जुन्या 'मार्क तीन' प्रकारच्या थ्री-नॉट-थ्रीमध्ये त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या एका पत्रीत अडकतं. म्हणून पुढचं लाकूड आधी उतरवायचं, मग मागचं. मला माहीत नव्हतं. 'कट्' असा आवाज आला. सत्तर-ऐंशी वर्षं टिकलेलं पुढचं लाकूड मी अर्ध्या मिनिटात उभं चिरलं. त्या दिवशी जेवलो नाही, हे सांगायला लाज वाटत नाही.

इच्छापूरवाल्यांना हे लाकूड चिरण्याचं दुखणं चांगलं ठाऊक असणार. त्यांच्या रायफलींत पुष्कळदा पुढच्या लाकडातून एक आडवा स्क्रू आरपार घातलेला दिसतो, लाकूड फाटू नये म्हणून. इथले संग्राहक त्याला 'इच्छापूर स्क्रू' म्हणतात. दिसायला ओबडधोबड आहे. मला तो फार आवडतो. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला पट्टी मारतात तसा.

तर लिपस्टिक. नवं, म्हणजे जुनंच पण न वापरलेलं, पुढचं लाकूड मला दुसऱ्या एका संग्राहकाकडून मिळालं. ते आयतं बसत नाही. गोळी सुटताना रायफल जो धक्का मागे देते, तो लाकडाच्या मागच्या टोकाला दोन लहान सपाट जागा झेलतात. त्या दोन्ही जागा लोखंडाला सारख्या टेकायला हव्यात. एक टेकली आणि दुसरी राहिली, तर पहिली चिरते आणि नेमही बिघडतो. म्हणून लोखंडाला रंग लावायचा, लाकूड दाबायचं, काढायचं, रंग कुठे उमटला बघायचं, तेवढाच कण खरवडायचा. पुन्हा रंग. यासाठी वेगळं काळं मलम मिळतं, पण लिपस्टिक जास्त चांगली उमटते आणि पुसली जाते. मी मोजलं नाही, पण हे दीडशे वेळा तरी केलं असेल. रात्री साडेदहाला मीटिंग संपली की तीन-चार वेळा. घाई केली तर जास्त खरवडलं जातं, आणि खरवडलेलं परत चिकटत नाही.

मग नंबराचा प्रश्न आला. या रायफलींच्या सुट्या भागांवर नंबर असतो. बोल्टवर, नळीवर, आणि पुढच्या लाकडाच्या नाकाखालीही. माझ्या नव्या लाकडावर भलताच नंबर होता. क्लबातला एक मित्र म्हणाला, घासून टाक, तुझा ठोक, कोण विचारतंय? फौजेत आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, तेच करायचा. जुन्या नंबरावर आडवी रेघ मारून शेजारी नवा ठोकायचा. दोन दिवस माझंही मन डळमळलं. ठसे मागवायला संगणकही उघडला होता. पण आर्मररने ठोकला तर ती नोंद, मी ठोकला तर ती लबाडी. तो नंबर तसाच ठेवलाय. विकायला काढली तर किंमत पडेल. पडू दे.

लाकडाला वॉर्निश नाही, कच्चं जवसाचं तेल. आठवडाभर रोज एक हात, मग आठवड्याला एक, मग महिन्याला. गॅरेजमध्ये शिरलं की सोलापूरच्या जवसाच्या चटणीचा वास येतो, असं बायको म्हणते, आणि ती सोलापूरचीच असल्यामुळे वाद घालता येत नाही. तेलाचे बोळे मात्र चुरगाळून टाकायचे नाहीत, ते आपोआप पेट घेतात. मी ते कुंपणावर पसरून वाळवतो. शेजारीण एकदा विचारून गेली, हे कसलं व्रत आहे?

घरी मुलगी आहे, म्हणून बोल्ट वेगळ्या कपाटात आणि रायफल वेगळ्या. किल्ल्या माझ्याकडे. नळी आणि बोल्टची तपासणी मी स्वतः केली नाही, ते जाणत्या कारागिराचं काम.

गेल्या महिन्यात लाकूड पूर्ण बसलं. अण्णांना व्हिडिओवर दाखवली. ते ऐंशीच्या पुढे गेलेत, फोन कपाळाला लावून बघतात.

"कुनी कापली व्हती ही?"

"शिकारीसाठी, अण्णा. आता परत केली तशी."

"बोल्ट उघड. हां. बंद कर. आता बटाचं झाकन उघड, पितळंचं."

दस्ता मूळचाच आहे, पितळी पट्टीसकट. आतल्या पोकळीत तेलाची बाटली आणि पुल्थ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, ठेवायची जागा असते. मी कधीच रिकामी करून बघितली नव्हती. दोन्ही नव्हतं. तळाशी काहीतरी घट्ट बसलं होतं. चिमट्याने ओढलं, तर कापडाची एक काळपट पट्टी, कडक झालेली.

"चिंदी हाय ती," अण्णा म्हणाले. आवाजच बदलला, मास्तरासारखा झाला. "माप घे. सफाईची चार बाय दोन. तेलाची चार बाय दीड."

मी टेप लावला. पावणेचार इंच बाय दीड. खरं तर पेनसिल्व्हेनियातल्या काकांचा जुना शर्टही असू शकतो, आणि मी तसं म्हणालोही.

"तेलाची हाय," अण्णा म्हणाले. "जरा आटली आसंल. ठेव परत आत."

ठेवली.