डिझाइन स्प्रिंट: शुक्रवारपासून उलटं मोजा

डिझाइन स्प्रिंट म्हणजे पाच दिवसांत एक कल्पना निवडून तिचा प्रोटोटाइप (खऱ्यासारखा दिसणारा कच्चा नमुना) बनवायचा आणि शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, तो पाच वापरकर्त्यांसमोर ठेवून तपासायचा. असा स्प्रिंट ठरला की टीममध्ये पहिली धावपळ होते ती रंगीबेरंगी स्टिकी नोट्स आणि मार्कर मागवायची. ते सामान आदल्या दिवशीही मिळतं. पहिला फोन व्हायला हवा तो शुक्रवारी येणाऱ्या पाच माणसांसाठी, कारण नेमकं आपल्याला हवं ते काम करणारी आणि त्या दिवशी तासभर मोकळी असणारी पाच माणसं ऐनवेळी सापडत नाहीत. मग ऑफिसातल्याच कुणाच्या तरी काकांना बसवलं जातं आणि आठवडाभराची मेहनत चुकीच्या माणसासमोर मांडली जाते.

ही पद्धत डिझायनर जेक नॅप यांनी २०१० साली गूगलमध्ये सुरू केली. पुढे गूगल व्हेंचर्समध्ये, म्हणजे गूगलच्या गुंतवणूक कंपनीत, ती अनेक स्टार्टअप्सबरोबर घासूनपुसून तयार झाली आणि २०१६ मध्ये पुस्तकरूपाने सगळ्यांच्या हाती आली. सोमवारी नकाशा, मंगळवारी स्केच, बुधवारी निवड, गुरुवारी प्रोटोटाइप, शुक्रवारी चाचणी. वेळापत्रक एव्हाना सगळ्यांना पाठ आहे. घोळ होतात ते त्याच्या फटींमध्ये.

एक काल्पनिक उदाहरण धरून चालू. हाउसिंग सोसायट्यांसाठी ॲप बनवणारी एक टीम आहे. सभासद मेंटेनन्स यूपीआयने भरतात आणि स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. खजिनदार बँकेचं स्टेटमेंट उघडून कुठली रक्कम कुठल्या फ्लॅटची ते जुळवत बसतात. फ्लॅट आईच्या नावावर, पैसे आले मुलाच्या खात्यातून, आणि शेऱ्यात नुसतं ‘पेड’. टीममध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो, सभासदांना ॲपमधूनच पैसे भरायला लावू. दुसरा म्हणतो, भरू दे कुठूनही, स्टेटमेंट आपण आपोआप जुळवू. दोन्हींत काही महिन्यांचं काम आहे आणि कोण बरोबर ते बसल्या जागी ठरणार नाही. हा प्रश्न स्प्रिंटच्या लायकीचा. सात माणसं गुणिले पाच दिवस म्हणजे ३५ मनुष्यदिवस खर्ची पडतात. बटणावर ‘पावती’ लिहायचं की ‘रिसीट’, या वादासाठी एवढा खर्च कुणी करू नये.

पाच माणसं शोधायची ती किमान दहा दिवस आधी, आणि पाचही एकाच जातकुळीची. दोन खजिनदार, दोन सभासद आणि एक सेक्रेटरी अशी मिसळ केली तर शुक्रवारी संध्याकाळी हाती काहीच लागत नाही, कारण प्रत्येकाची अडचण वेगळी निघते. निवडीच्या फॉर्ममध्ये ‘तुम्ही सोसायटीचे हिशेब बघता का?’ असं थेट विचारू नका. मानधन आहे म्हटल्यावर बरेच जण ‘हो’ म्हणतील. त्याऐवजी ‘गेल्या महिन्यात यातलं काय काय केलंत?’ असं विचारून सात-आठ कामांची यादी द्या: पाण्याचा टँकर मागवला, बँक स्टेटमेंट तपासलं, पार्किंगचा वाद मिटवला, वगैरे. आपल्याला हवं ते उत्तर त्यात लपलेलं राहतं. दोन राखीव माणसं ठेवा आणि आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला फोन करा. मेसेज पुरत नाही. मानधनाचं पाकीट मुलाखत सुरू होण्याआधीच हातात द्या. शेवटी मिळणार असेल तर माणूस तासभर गोड बोलतो.

आणखी एक. नोकरी करणारा खजिनदार कामाच्या दिवशी दुपारी येणार नाही. मग येतात ते फक्त निवृत्त लोक, आणि निष्कर्ष एका बाजूला झुकतो. अशा वेळी सरळ मंगळवार ते शनिवार असा आठवडा धरावा. सोमवारी सुरू करायलाच हवं असं काही शास्त्रात सांगितलेलं नाही. (खाली वारांची नावं मूळ वेळापत्रकाचीच ठेवली आहेत.)

आता डिसायडर. ज्याच्या ‘हो’शिवाय स्प्रिंटनंतर काहीच हलणार नाही, ती व्यक्ती. आपल्याकडे ही व्यक्ती बहुतेक वेळा संस्थापक किंवा बिझनेस हेड असते आणि ‘तुम्ही करा, मी अधूनमधून डोकावतो’ म्हणते. हे डोकावणं घातक. बुधवारी निवड झाल्यावर गुरुवारी दुपारी साहेब येतात, भिंतीकडे बघतात आणि म्हणतात, ‘पण हे असं का नाही केलं?’ पूर्ण आठवडा बसणं जमत नसेल तर तीन वेळा ठरवून घ्या: सोमवारची दुपार, बुधवारचा निवडीचा वेळ आणि शुक्रवारच्या निदान दोन मुलाखती. बाकी वेळेसाठी त्यांनी एक माणूस नेमावा आणि त्याचा निर्णय अंतिम राहील हे सगळ्यांसमोर सांगावं. एवढंही मिळत नसेल तर स्प्रिंट पुढे ढकला.

खोलीत सातपेक्षा जास्त माणसं नकोत. डिझायनर, इंजिनिअर, प्रॉडक्ट मॅनेजर हे असणारच. पण सपोर्टचे फोन घेणारी व्यक्ती राहून जाते आणि खजिनदार नक्की कशावरून चिडतात हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. फॅसिलिटेटर, म्हणजे वेळ सांभाळून सत्रं चालवणारा, वेगळा हवा. ज्याला स्वतःची कल्पना रेटायची आहे त्याच्या हाती घड्याळ देऊ नये. वेळ दहा ते पाच, फोन आणि लॅपटॉप बंद, दर तास-दीड तासाने सुट्टी. जेवण हलकं. दुपारी श्रीखंड-पुरी आली की तीनपर्यंतचं सत्र गेलं असं समजा.

सोमवारी सकाळी आधी दूरचं ध्येय एका वाक्यात लिहायचं आणि मग ते कशामुळे फसेल ते प्रश्नांच्या रूपात. हे प्रश्न शुक्रवारी तपासता येतील असे हवेत. ‘ॲप वापरायला सोपं आहे का?’ हा प्रश्न निरुपयोगी. ‘ॲपने आपोआप जुळवलेली नोंद खजिनदार स्वतः न तपासता मान्य करतील का?’ हा खरा प्रश्न, कारण सभेत उत्तर त्यांना द्यावं लागतं, ॲपला नाही. मग नकाशा: डावीकडे माणसं, उजवीकडे शेवट, मध्ये पाच ते पंधरा पायऱ्या. तो पंधराच्या पुढे गेला की टीम प्रॉडक्टची सगळी फीचर्स काढत बसली आहे असं ओळखावं. दुपारी जाणकारांना एकेक करून पंधरा ते तीस मिनिटं बोलवायचं. ते बोलत असताना बाकीच्यांनी ‘हाऊ माइट वी’, म्हणजे ‘हे कसं जमवता येईल’ छापाच्या चिठ्ठ्या लिहायच्या, एका चिठ्ठीवर एकच प्रश्न. मतं प्रत्येकी दोन, डिसायडरला चार. दिवस संपताना नकाशावरच्या एकाच जागी गोल काढायचा. आपल्या उदाहरणात ती जागा म्हणजे दहा तारखेची रात्र: एका हातात फोनवर ग्रुप उघडा, समोर स्टेटमेंटचा कागद, आणि पेन्सिलीने एकेका रकमेपुढे टिकमार्क.

मंगळवारबद्दल फार सांगण्यासारखं नाही, तो सहसा नीट जातो. सकाळी इतरांची उत्पादनं तीन-तीन मिनिटांत दाखवायची. दुसऱ्या क्षेत्रातली एखादी तरी हवी. कुरिअरचं ट्रॅकिंग किंवा किराणा दुकानाची उधारीची वहीसुद्धा चालेल. दुपारी प्रत्येकाने एकट्याने: २० मिनिटं नोंदी, २० मिनिटं कच्च्या कल्पना, आठ मिनिटांत आठ चौकोन, आणि मग अर्धा ते दीड तास अंतिम स्केच. आठ चौकोनांचा अर्थ अनेक जण चुकवतात. आठ वेगळ्या कल्पना काढायच्या नसतात. आपल्या सगळ्यांत दमदार कल्पनेची आठ रूपं काढायची असतात. अंतिम स्केच तीन चौकटींचं, निनावी, त्याला एक ठसठशीत नाव, आणि त्यात मजकूर खरा. ‘इथे मेसेज येईल’ असं लिहिलेलं स्केच दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायावर उभं राहत नाही. ते समजावून सांगायला त्याचा मालक लागतो आणि मालक बोलला की निनावीपणा संपला.

बुधवार हा आठवड्यातला सगळ्यांत अवघड दिवस. सकाळी स्केचेस भिंतीवर, सगळे गप्प, आवडलेल्या भागांवर हवे तितके ठिपके. मग प्रत्येक स्केचवर तीन मिनिटं चर्चा, काढणारा शेवटपर्यंत गप्प. मग प्रत्येकाचं एक मत, आणि शेवटी डिसायडरची तीन मतं, जी अंतिम. ही सगळी मौनाची भानगड आपल्या ऑफिसांत जरा जास्तच उपयोगी आहे. वरिष्ठांनी एक वाक्य उच्चारलं की खोलीतली सगळी मतं हळूहळू त्या दिशेला सरकतात, आणि कुणी मुद्दाम करतं असंही नाही. म्हणून एकेक मत देताना सगळ्यांनी आपली निवड आधी कागदावर लिहावी आणि ठिपके एकदम लावावेत. डिसायडरचा हात सगळ्यांत शेवटी.

इथेच दुसरा रोग जडतो: ‘दोन्ही घेऊ’. ॲपमधून पैसे भरणंही आणि स्टेटमेंट जुळवणंही, एकाच स्क्रीनवर. कुणाचं मन मोडायला नको म्हणून केलेली ही खिचडी शुक्रवारी कशामुळे फसली किंवा चालली ते कळूच देत नाही. दोन कल्पना खरोखर एकमेकींच्या विरोधात असतील तर दोन वेगळे प्रोटोटाइप करा, दोन वेगळ्या बनावट नावांनी, आणि खजिनदारांसमोर ते स्पर्धक म्हणून ठेवा.

दुपारी स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रोटोटाइपमध्ये काय कशानंतर दिसेल त्याची चित्रमालिका, साधारण दहा ते पंधरा चौकटी. सुरुवात ॲपच्या एक पाऊल आधी करायची, म्हणजे ग्रुपवर आलेल्या स्क्रीनशॉटपासून. चार वाजेपर्यंत सगळे थकलेले असतात आणि नेमक्या त्याच वेळी कुणाला तरी नवीन कल्पना सुचते. ती एका बाजूच्या यादीत लिहा आणि पुढे चला. भिंतीवर जे निवडलं आहे तेच वापरायचं. कुठल्याही वादाला तीन मिनिटं, पुढे डिसायडर. अर्धवट स्टोरीबोर्डवर दिवस संपवू नका, सहा वाजले तरी चालतील. तिथे सोडलेलं एक भोक गुरुवारी चार जण चार पद्धतींनी बुजवतात.

गुरुवारी कामाची वाटणी: दोघे-तिघे स्क्रीन करणारे, एक मजकूर लिहिणारा, एक फोटो-आयकॉन गोळा करणारा, एक मुलाखतीची तयारी करणारा, आणि एक सगळं शिवणारा, म्हणजे सगळ्यांचे तुकडे जोडून एकसंध करणारा. या शिवणाऱ्याला कमी लेखू नका. त्याच्याकडे एकच आकड्यांची शीट असावी आणि सगळ्यांनी आकडे तिथूनच उचलावेत. बनावट सोसायटीत २४ फ्लॅट, मेंटेनन्स ३,२०० रुपये, म्हणजे एकूण ७६,८००. १९ जणांचे जमा, ६०,८००. पाच जणांची बाकी, १६,०००. मुलाखतीत खजिनदारांनी एक नोंद मान्य केली की पुढच्या स्क्रीनवर २० जणांचे ६४,००० आणि बाकी १२,८०० दिसलंच पाहिजे. घाईत कुणी पहिलाच आकडा तसाच ठेवला, तर हिशेबात मुरलेला माणूस तिथेच थांबतो, ‘हे चुकतंय’ म्हणतो, आणि पुढची वीस मिनिटं तुमच्या कल्पनेऐवजी त्या बेरजेवर जातात. वर ‘नोंदीवर विश्वास बसेल का’ हाच आपला प्रश्न होता. त्याचं उत्तर आपणच बिघडवलेलं असतं.

मराठी मजकुराचंही तसंच. इंग्रजीत सगळं आखून शेवटच्या तासाला मराठी भरलं की बटणं फुटतात आणि मात्रा वरून कापल्या जातात. सकाळपासूनच खरा मजकूर घाला. शब्द खजिनदारांचे हवेत: ते ‘प्रलंबित देयक’ म्हणत नाहीत, ‘थकबाकी’ म्हणतात. आणि प्रोटोटाइप एखाद्या साध्या अँड्रॉइड फोनवर बघा. ज्येष्ठांनी फोनमध्ये अक्षर मोठं करून ठेवलेलं असतं, पण चित्रांच्या प्रोटोटाइपवर ते सेटिंग लागू होत नाही. तेव्हा अक्षरं मुळातच मोठी काढा. तीन वाजता संपूर्ण रंगीत तालीम, मुलाखत घेणाऱ्यासकट. पाचला ठेवलीत तर सापडलेल्या चुका दुरुस्त करायला रात्र जाते आणि सकाळी मुलाखत घेणारा जांभया देतो.

शुक्रवारी पाच मुलाखती, साधारण तासाच्या, मध्ये किमान अर्धा तास मोकळा. नऊ, साडेदहा, साडेबारा, दोन आणि साडेतीन असं वेळापत्रक बसतं. बाकीचे दुसऱ्या खोलीत थेट बघतात. नंतर रेकॉर्डिंग बघू म्हणणारा कधीही बघत नाही. मुलाखत: स्वागत, त्यांच्या कामाबद्दल थोडे प्रश्न, प्रोटोटाइपची ओळख, कामं करायला देणं, शेवटी गप्पा. ‘हे मी बनवलेलं नाही, त्यामुळे वाईट बोललात तरी मला वाईट वाटणार नाही’ हे वाक्य सुरुवातीलाच हवं, आणि ते खरंही हवं, म्हणून मुलाखत डिझायनरने घेऊ नये. आपली माणसं घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तशी बोलतात. ‘छान आहे हो, उपयोगी पडेल’ हे शिष्टाचाराचं वाक्य आहे, ‘चांगलं’ म्हणून हिरव्या मार्करने लिहिण्यासारखं नाही. ‘आवडलं का?’ विचारूच नका. विचारायचं ते असं: ‘मागच्या महिन्यात हे कसं केलंत?’, ‘हे दाबल्यावर काय होईल असं वाटतं?’, ‘तुमच्या सोसायटीत हे आणलं तर आधी कोण भांडेल?’ शेवटच्या प्रश्नावर लोक खुलतात. आणि अडखळले तर मदत करू नका. मनातल्या मनात दहा आकडे मोजा.

भिंतीवर जाळी आखा: पाच माणसांचे पाच रकाने, खाली प्रोटोटाइपचे भाग. चांगलं हिरव्या, वाईट लाल, तटस्थ काळ्या अक्षरांत, आणि शक्य तिथे त्यांचेच शब्द. तिघे खजिनदार आपोआप जुळलेली नोंद पाहून ती पुन्हा स्टेटमेंटमध्ये शोधायला लागले, तर ते लाल आहे, तोंडाने ते काहीही म्हणोत.

पाचच का, हा प्रश्न फायनान्सवाले विचारणारच. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००० साली मांडलेला हिशेब असा: एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी दाखवतो आणि पाचांत मिळून सुमारे ८५ टक्के उघड्या पडतात. हा हिशेब अडचणी शोधण्याचा आहे. ‘पाचपैकी तिघांनी वापरलं, म्हणजे ६० टक्के बाजार’ असं वाक्य प्रेझेंटेशनमध्ये दिसलं तर ती स्लाइड काढून टाका.

शेवटची व्यक्ती गेल्यावर आधी प्रत्येकाने गप्प बसून आपली निरीक्षणं लिहायची, मग वाचून दाखवायची, मग डिसायडरने सोमवारचे प्रश्न एकेक करून घ्यायचे. कल्पना चालली पण दोन जागी अडली, अशी गत असेल तर पुढच्या आठवड्यात तीन दिवस पुरतात: दुरुस्ती, प्रोटोटाइप, चाचणी. प्रोटोटाइप इंजिनिअरांना ‘यातलंच वापरा’ म्हणून देऊ नका; त्यात रिकामी यादी, फसलेलं पेमेंट, दोनदा आलेली रक्कम यातलं काहीच नसतं. आणि भिंतींचे फोटो त्याच संध्याकाळी काढा. शनिवारी सफाईला येणाऱ्या मावशी फळा अगदी स्वच्छ पुसतात.