अठ्ठावीसवाली बाई

वाई ते सातारा हा माझा रोजचा रस्ता. पतसंस्थेत कॅशियर आहे. दिवसभर नोटा मोजायच्या, संध्याकाळी हात दोनदा धुतले तरी बोटांना त्यांचा वास येतोच. पण माणसं पैशाशी कशी वागतात हे मला जास्त कळलं ते एसटीत, सुट्ट्या पैशांवरून.

सकाळच्या गाडीत कंडक्टर "सुट्टे काढा, सुट्टे" म्हणतच पुढच्या सीटपासून सुरुवात करतो. सुट्टे सगळ्यांकडे असतात. पर्समधल्या नाण्यांचा आवाज होऊ नये म्हणून ती मुठीत दाबून धरलेली मी पाहिली आहे, आणि मीही धरलेली आहे. दूध, रिक्षा, देवापुढचा रुपया, सगळ्यासाठी सुट्टे लागतात. ते आपल्याकडचे जाऊ नयेत असं प्रत्येकाला वाटतं. मग कंडक्टर तिकीट उलटं करून त्यावर आकडा लिहितो, त्याला गोल करतो आणि म्हणतो, "उतरताना घ्या."

ते तिकीट कोण कुठे ठेवतं ते बघण्यासारखं असतं. बांगड्यांत, घड्याळाच्या पट्ट्यात, मोबाईलच्या कव्हरमागे, पदराच्या गाठीत. साताऱ्याच्या अलीकडची लिंब खिंड आली की ज्यांचे सुट्टे परत यायचे असतात ते चुळबुळ करायला लागतात. काही जण सरळ उठून दाराशी जातात. काहींना दोन-तीन रुपये मागायची लाज वाटते. माझे वडील त्यातले. ते कधीच मागत नसत. मला ते पटत नाही. ड्युटी संपली की कंडक्टरला डेपोत हिशेब द्यावा लागतो, पैसे कमी भरले तर त्याच्या खिशातून जातात. इतक्या काटेकोर माणसाला आपण आपली बाकी आठवणीने मागितली, तर त्यात कमीपणा कसला?

१७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. आमची गाडी बायकांनी भरून जाऊ लागली, याचा मला मनापासून आनंद आहे. ज्या कधी एकट्या तालुक्यालाही जात नव्हत्या त्या माहेरी, दवाखान्यात, बाजाराला जाऊ लागल्या. पुढे २०२५ च्या जानेवारीत १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, आणि पाच-दहाच्या नोटांत भागणारे आकडे एक-दोन रुपयांवर आले. सुट्ट्यांची ओढाताण आणखी वाढली.

अशा वेळी कंडक्टर दोन अनोळखी माणसांची जोडी लावतो. एक नोट एकाच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "ह्या ताईंचे नि तुमचे मिळून. खाली उतरून वाटून घ्या." अशीच एक पन्नासची नोट त्यानं माझ्या हातात दिली. माझे २२ राहिले होते. पलीकडच्या सीटवर एक मावशी आणि त्यांची सात-आठ वर्षांची नात, त्यांचे २८. मावशींच्या पायाशी मेथीचं गाठोडं होतं. त्या पाचवडलाच उतरणार होत्या, मी थेट सातारा.

पाचवड आलं. माझ्याकडे सुट्टे नाहीत, त्यांच्याकडेही नाहीत. शेजारच्यांनी माना हलवल्या. मी नोटच त्यांच्या हातात द्यायला लागले तर त्यांनी हात मागे घेतला.

"तुझं बावीस मी कुठं सांभाळत बसू? असू दे तुझ्याकडं. म्हंजे बँकेतच हायत की."

मी कुठे काम करते हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. फोन नंबर विचारला, तर फोनच नव्हता. गाठोडं डोक्यावर घेऊन त्या उतरल्या. नात खिडकीखाली उभी राहून ओरडली, "अठ्ठावीस हां!"

दुसऱ्या दिवशी मी २८ रुपये वेगळे काढले. वीसची नोट, पाचचं नाणं, एक-एकची तीन. प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवले. मध्ये एकदा औषधाच्या दुकानात तीन रुपये कमी पडले, तरी त्या पिशवीला हात लावला नाही. पाचवडला इतकी वर्षं गाडी थांबते. मी तिथे कधी मान वर करून बघितलं नव्हतं. आता रोज बघायला लागले. डोक्यावर गाठोडं असलेली प्रत्येक बाई तीच वाटायची.

बाराव्या दिवशी वाईच्या स्टँडवर मागून आवाज आला, "आजी, ती बघ अठ्ठावीसवाली बाई!"

मावशींनी पिशवी घेतली आणि न उघडता कमरेच्या बटव्यात टाकली. काउंटरवर दिवसभर म्हणते तेच माझ्या तोंडून गेलं, "मोजून घ्या."

"तू मोजलंस न्हवं?" त्या म्हणाल्या. मग सांगू लागल्या, सुनेला त्यांनी त्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, एका बाईकडं आपलं अठ्ठावीस रुपये हायत. बाईचं गाव नाही, नाव नाही. सून हसली होती म्हणे. आता घरी गेल्यावर पहिल्यांदा हे पैसे तिलाच दाखवणार होत्या. दिवसाला शेकडो माणसांना मी पैसे देते, पण इतका हलका हात मला कधी वाटला नव्हता.

आता बरेच जण फोनवर पैसे देतात. मीसुद्धा देते. कंडक्टरची दगदग वाचते, ते चांगलंच आहे. तिकिटामागे गोल केलेला आकडा क्वचित दिसतो.

गेल्या शनिवारी माझ्या शेजारी कॉलेजची एक मुलगी बसली होती. वाई सुटल्यावर तिच्या फोनला रेंज येईना, रोख दिले तर दोन रुपये कमी पडले. मी दिले. "ताई, रेंज आली की लगेच टाकते," ती म्हणाली. मग आम्ही बोलत राहिलो. ती नर्सिंगला आहे, परवा पहिल्यांदा तिनं एका म्हाताऱ्या पेशंटला इंजेक्शन दिलं, तिचा हात थरथरत होता आणि तो पेशंटच तिला धीर देत होता. पुढे काय झालं ते ती सांगतच होती, तेवढ्यात पाचवडच्या अलीकडे तिच्या फोनला रेंज आली. तिनं माझा नंबर विचारून घेतला, टिंग वाजलं, दोन रुपये जमा झाले. "थँक्यू हं ताई," म्हणून तिनं कानात इयरफोन घातले.

त्या पेशंटचं पुढे काय झालं ते विचारायचं राहून गेलं. ते दोन रुपये आणखी थोडे दिवस तिच्याकडेच राहायला हवे होते.