चाळीसवरून थेट दोनशेवीस

वाईतला एक जुना वाडा उतरवला, त्यातल्या सागवानी तुळया मालकाने विकल्या नाहीत. पुण्याच्या फ्लॅटसाठी त्यातून जेवणाचं टेबल करायचं ठरलं आणि लाकूड साताऱ्याला माझ्या कारखान्यात आलं. असं लाकूड आलं की आधी खिळे. डिटेक्टर फिरवून, एकेक उकरून काढायचे, कारण राहिलेला एक तुकडाही ड्रम सँडरचा, म्हणजे फिरत्या रुळावर सँडपेपर गुंडाळून फळी घासणाऱ्या मशिनचा, पेपर टरकवतो.

टॉप सहा फूट बाय साडेतीन फूट, माझ्या मशिनची रुंदी २५ इंच. शिवाय अख्खा टॉप त्यांच्या लिफ्टमध्ये जाणार नव्हता. म्हणून २१ इंचांचे दोन भाग केले, मधला सांधा साइटवर जोडायचा ठरला.

ड्रम सँडरवर कुठल्या नंबरच्या पेपरने (नंबर मोठा तसा दाणा बारीक) सुरुवात करायची, हा निर्णय मी कधीच पोरांवर सोडत नाही. ३६ नंबर लावला की काम झपाझप होतं, पण त्याचे चरे काढण्यात पुढे दुप्पट लाकूड जातं. थिकनेसरमधून, म्हणजे जाडी एकसारखी करणाऱ्या रंध्याच्या मशिनमधून, नीट आलेल्या फळ्यांना ६० पुरतो. मग ८०, मग १२०. ६० नंबरचा दाणा साधारण पाव मिलिमीटरचा, १२० चा त्याच्या निम्मा. पुढच्या पेपरचं काम एकच, मागच्याने पाडलेले चरे पुसणं. साधारण दीडपटीने चढत गेलं तर ते जमतं. प्रत्येक नंबरला फळीवर पेन्सिलीने नागमोडी रेघा मारतो आणि त्या सगळ्या गेल्याशिवाय पेपर बदलत नाही. शेवटचा फेरा ड्रम खाली न घेता पुन्हा एकदा. पेपर ड्रमवर तिरका गुंडाळतात. नवा पेपर पहिल्या काही मिनिटांत सैल पडतो, तेव्हा मशीन थांबवून परत ताणावा लागतो. एवढं कोण करतं? माझ्याकडे करावंच लागतं.

१२० च्या पुढे मी ड्रमवर सागवान घालत नाही. सागाला तेल असतं. बारीक पेपर त्याने भरतो, भरलेली जागा घासण्याऐवजी तापते आणि फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत करपलेली रेघ उठते. त्यापुढे ऑर्बिटल, म्हणजे हातात धरायचा, गोल गोल घासणारा सँडर. तोही आधी १२० नेच, ड्रमच्या सरळ रेघा जाईपर्यंत, आणि मग १५०. दोन्ही भाग १५० वर संपवून पाठवले.

तिथे स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, मारल्यावर साइटवरून फोन आला, "दादा, तुमच्या मशिनचे ओरखडे उठलेत." मी टॉर्च आणि थिनरची बाटली घेऊन कोथरूडला गेलो. टेबलाच्या बरोबर मधोमध, सांध्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर पट्टा. पट्ट्यातला रंग बाकी टेबलापेक्षा फिकट आणि त्यावर गडद आडव्या रेघा. इंटिरियरवाल्या मॅडम, सुतारकामाचा कंत्राटदार आणि पॉलिशवाले मामा, तिघेही माझ्याकडे बघत होते.

मी टॉर्च टेबलाला टेकवून आडवा धरला. ड्रम सँडरची रेघ फळी जशी आत जाते तशी, लांबीनेच पडते. ऑर्बिटल बिघडला तर बारीक वेटोळी उठतात. इथे रेघा सांध्याला काटकोनात होत्या, म्हणजे कुणीतरी बेल्ट सँडर (फिरत्या पट्ट्याचा, हातात धरायचा) लाकडाच्या रेषेला आडवा चालवला होता. एका कोपऱ्यातला स्टेन थिनरने पुसला, तरी चरा नखाला लागत होता. एवढा खोल म्हणजे ४० नंबरचा. आणि रंग फिकट का? कारण वरून २२० मारला होता. बारीक घासलेलं लाकूड स्टेन कमी पितं, पण चऱ्यात तो साचतो. सांधा जोडताना कागदभर उंच-सखल राहिलेला, तो ४० ने खाल्ला आणि थेट २२० ने गुळगुळीत केला. २२० चा दाणा ४० च्या सहाव्या हिश्श्याएवढा. तो चऱ्याच्या कडा चकचकीत करतो, तळापर्यंत पोचतच नाही.

"पण हात फिरवून बघितलं तेव्हा मऊ लागत होतं," मॅडम म्हणाल्या. लागणारच. मोठा नंबर म्हणजे चांगलं फिनिश, हे लोकांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की अंदाजपत्रकातही नुसतं 'फिनिशिंग २२०' लिहितात. त्याआधी काय काय मारलं, हे कोणी विचारत नाही.

कंत्राटदाराने शेवटी मान्य केलं. त्याच्या पोराला संध्याकाळपर्यंत उरकायला सांगितलं होतं, आणि ४० व २२० सोडून दुसरा पेपर साइटवर नव्हताच. पोराला मी दोष देत नाही. ६०, ८० आणि १२० चे पेपर मिळून येतात कितीला?

स्टेन काढून अख्खा टॉप परत घासावा लागला. पट्ट्यावर ६० पासून चढत, बाकीवर हलक्या हाताने, आणि शेवट सगळीकडे १५० वर, म्हणजे रंग सारखा बसेल. तो बसलाही. पण हे सगळं मामांनी केलं. ज्यांनी एकही चरा पाडला नव्हता, त्यांनी. वाकून, धूळ खात. शेवटचा हात ज्याचा, दोष त्याचा, हीच या धंद्याची रीत झाली आहे. मामा तर मी येण्याआधीच स्टेन बदलून देतो म्हणून कबूल झाले होते.

त्यांच्या जादा मजुरीचं मी कंत्राटदाराला विचारलं. "बिल निघालं की बघू," म्हणाला. त्यानंतरही विचारलं, उत्तर तेच. आता त्याचं एक कपाटाचं काम माझ्याकडे यायचंय. मामांचे पैसे दिल्याशिवाय फळ्या घेणार नाही, असं त्याला कळवलंय. अजून त्याचा फोन आलेला नाही.