बालविभागासाठी पुस्तकं निवडताना : जून ते जानेवारी

जून-जुलै

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या छोट्या वाचनालयाच्या बालविभागात मी दर शनिवारी चार ते सहा बसायला लागले. पुस्तकं निवडायची काही रीत नव्हती. प्रदर्शन लागलं की परवडेल तो गठ्ठा उचलायचा. मीही तेच केलं. चाळीस बोधकथांचा एक संच आणला, गुळगुळीत कागदाचा आणि भडक रंगांचा. दिवाळीपर्यंत त्यातल्या एकतीस पुस्तकांच्या तारखेच्या चिठ्ठ्या कोऱ्याच राहिल्या. जी नऊ गेली, त्यांतल्या चारांच्या पिना सुटून मधली पानं हातात आली. तेव्हापासून विकत घेण्याआधी पुस्तक मधोमध पूर्ण उघडून बघते. एक पिन की दोन, आणि कागद पिनेपाशी फाटतोय का, हे लगेच कळतं.

ऑगस्ट-सप्टेंबर

नवं निवडायच्या आधी जुनं बाद करायला शिकले. दाखल नोंदवही घेऊन माहितीच्या पुस्तकांचं कपाट उपसलं. ग्रह नऊ असं सांगणारी पुस्तकं निघाली, म्हणजे २००६ मध्ये प्लूटो ग्रहांतून वगळला त्याआधीची. महाराष्ट्राचे जिल्हे पस्तीस असतील तर ते पुस्तक २०१४ मध्ये पालघर जिल्हा होण्याआधीचं. इथे एक गोष्ट मला फार उशिरा उमगली : पुनर्मुद्रण आणि नवी आवृत्ती यांत फरक असतो. पुनर्मुद्रणात जुनाच मजकूर पुन्हा छापलेला असू शकतो. २०१८ चं पुनर्मुद्रण बघून मी एक पुस्तक निर्धास्तपणे ठेवून दिलं होतं, आणि आत प्लूटो ग्रहांच्याच रांगेत होता. आता फक्त वर्ष बघून भागत नाही. जिथे बदल झाल्याचं मला माहीत आहे, ते एखादं पान उघडून तपासते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर

या दोन महिन्यांत सगळ्यात जास्त शिकले, आणि तेही फक्त मोठ्याने वाचून.

मनात वाचताना जे खपून जातं ते जिभेवर अडतं. एका अनुवादात नातू आजीला थँक्यू म्हणतो आणि आजी म्हणते, ‘तुझं स्वागत आहे.’ समोरच्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. आपली कुठलीच आजी असं बोलत नाही. ती ‘असू दे रे’ म्हणेल, नाहीतर नुसता गालावरून हात फिरवेल. दुसऱ्या एका पुस्तकात वाक्य छान होतं, पण ओळ ‘आईच्या’ या शब्दावर तुटली होती आणि ‘मांडीवर’ पान उलटल्यावर आलं. नुकतं वाचायला लागलेलं मूल तिथे थांबतं, मागे जातं, आणि तेवढ्यात गोष्ट हातची जाते. वाचताना आपण श्वास घेतो तिथे ओळ तुटायला हवी. चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी म्हणून छापलेल्या पुस्तकात एका पानावर जोडाक्षरं किती आहेत, हेही आता मी बोटाने मोजते.

आणि तात्पर्य. मी आधी शेवटचं पान उघडून ‘यातून मुलं काय शिकतील’ तेच बघायचे. आपल्याच शहरातल्या तुरुंगात १९३३ साली साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिलं. त्या पुस्तकात शिकवण भरभरून आहे, पण रात्रीमागून रात्र सांगितलेल्या प्रसंगांतून ती उतरते, आणि म्हणूनच ते आजही मोठ्याने वाचता येतं. प्रसंगच नसेल तर शेवटची तात्पर्याची चौकट मुलं ऐकत नाहीत. ती पुढचं पुस्तक मागतात.

जानेवारी

ही नोंद जरा लांबते आहे, पण ज्यासाठी लिहायला बसले ती हीच.

द्राक्षांच्या बागेची एक अनुवादित गोष्ट वाचत होते. चित्रं अप्रतिम, भाषा ओघवती, मुलाचं नाव गणू. मखमलाबादहून मामाकडे राहायला आलेला एक तिसरीतला मुलगा उठून पुस्तकाजवळ आला. चित्रावर बोट ठेवून म्हणाला, “मॅडम, अशी बाग नसते. मांडव असतो, खालून वाकून जायचं. आणि आता घडांना पेपर लावलेत, इथे का नाहीत?”

माझी पहिली प्रतिक्रिया अशी की चित्र चुकलं. घरी नेऊन नीट बघितलं. वेली तारेवर उभ्या ओळींत, मागे बर्फाचे डोंगर, घराला धुराडं. चित्रकाराने आपल्या मुलखातली बाग अगदी बरोबर काढली होती. (वाइनच्या द्राक्षांच्या बागा गंगापूर धरणाच्या बाजूला साधारण तशाच ओळींत दिसतात, पण त्या मुलाची बाग खायच्या द्राक्षांची.) चूक होती ती ‘गणू’ या नावात. अनुवादात नाव मराठी केलं, मामा आणला, गाव पुसलं आणि चित्रं तशीच ठेवली. त्यामुळे मुलाला ती आपली बाग वाटली, म्हणून खोटी ठरली. मूळ नाव आणि मूळ गाव राहू दिलं असतं, तर ‘तिकडे मांडव का घालत नाहीत?’ असा प्रश्न आला असता, आणि तो फार मोलाचा असता.

बालसाहित्याच्या अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये मुलांच्या पुस्तकांना आरसा आणि खिडकी म्हटलं होतं : आरशात आपलं जग दिसतं, खिडकीतून दुसऱ्याचं. ते मला पाठ होतं. पण खिडकीवर आरशाची चौकट ठोकली की मूल गोंधळतं, हे त्या दिवशी समजलं.

तेव्हापासून अनुवादित चित्रपुस्तक हातात आलं की आधी मजकूर झाकून फक्त चित्रं बघते : घर, झाडं, चुली, पायांतल्या चपला, पाट्यांवरची अक्षरं. मग चित्रं झाकून मजकूर वाचते. दोन्हींतून एकच गाव दिसलं पाहिजे. फेब्रुवारीच्या खरेदीसाठी आलेली अठरा पुस्तकं अशी तपासली. पाच परत पाठवतेय.

गणूचं पुस्तक बाद केलेलं नाही. आतल्या पानावर मूळ देशाचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवली, आणि त्या मुलाला मांडवाचं चित्र काढायला सांगितलं. त्याने घडांना गुंडाळलेल्या कागदावरची बातमीसुद्धा काढली आहे. ते चित्र शेवटच्या कोऱ्या पानावर लावलंय.