झारकेंतची लाकडी मशीद

कझाकस्तानातल्या आल्माटीहून पूर्वेकडे निघालेले बहुतेक पर्यटक चारिन नदीची लाल घळ पाहून संध्याकाळी माघारी फिरतात. मी मात्र शेअर टॅक्सीने ईली नदी ओलांडून चीनच्या सीमेजवळच्या झारकेंतला गेलो. तेथे चिनी स्थपतीच्या हातची एक मशीद आहे एवढेच मला ठाऊक होते आणि प्रवासाला निघायला तेवढे कारण मला पुरेसे वाटले.

गाव शांत आहे. रस्त्यांच्या कडेने उंच पॉपलरच्या रांगा आहेत, त्यांच्या मुळाशी पाण्याचे पाट वाहतात (त्यांना तेथे आरिक म्हणतात) आणि उत्तरेला जुंगार आलाताऊची पर्वतरांग दिसते. खोरगोसच्या सीमेवरून चीनचा माल रेल्वेने आणि ट्रकने पश्चिमेकडे जातो, पण त्या धावपळीचा गावातल्या गल्ल्यांना स्पर्शही झालेला जाणवत नाही.

हे गाव एका करारातून जन्मले. रशियाने 1871 मध्ये ईलीचे खोरे ताब्यात घेतले होते आणि 1881 च्या सेंट पीटर्सबर्ग करारानुसार त्याचा मोठा भाग चीनला परत केला. तेव्हा चिनी सत्तेच्या सूडाच्या भीतीने हजारो उइगुर (तुर्की कुळातली भाषा बोलणारे मुसलमान) आणि दुंगान (चिनी बोलणारे मुसलमान) घरदार सोडून रशियाच्या हद्दीत आले. 1882 मध्ये वसलेले झारकेंत त्यांच्यापैकी अनेकांचे नवे घर ठरले.

मशीद पाहताना हा इतिहास सतत मनात राहिला. वली आखून युलदाशेव या व्यापाऱ्याच्या पुढाकाराने ती 1890 च्या दशकात उभी राहिली आणि स्थपती होता हाँग पिक. बाहेरचे महाद्वार कमानदार, मध्य आशियाई घाटाचे आहे. त्यातून आत गेल्यावर मात्र कोपऱ्यांवर वर वळलेले, पॅगोडासारखे छप्पर समोर येते आणि क्षणभर आपण कोणत्या देशात आहोत हेच कळेनासे होते. आत लाकडी खांबांच्या रांगा आहेत आणि तुळयांवर रंगीत वेलबुट्टी आहे. हे लाकूडकाम एकही खिळा न वापरता, एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून केले, असे तेथे अभिमानाने सांगतात. सीमेपलीकडे जे मागे राहिले, ते येथे हातांना आठवेल तसे पुन्हा घडवले गेले असावे, असे मला त्या खांबांपाशी उभे राहून वाटले.

सोव्हिएत काळात येथील नमाज बंद झाली. आता ही वास्तू संग्रहालय आहे. 1942 मध्ये गावाचेही नाव बदलून, मॉस्कोच्या रक्षणात मारल्या गेलेल्या जनरल पानफिलोव्ह यांचे नाव देण्यात आले होते. 1991 मध्ये झारकेंत हे नाव परत आले.

दुपारी एका उइगुर खानावळीत हाताने ओढून केलेल्या लांब शेवयांचे लगमान खाल्ले. मालकीणबाईंनी चहाचा वाडगा दोन्ही हातांनी पुढे केला आणि मशीद आवडली का, असे खुणांनी विचारले. मी छातीवर हात ठेवून ‘रहमेत’ (धन्यवाद) म्हटल्यावर त्यांनी भिंतीवरचे मशिदीचेच जुने छायाचित्र काढून माझ्यापुढे ठेवले आणि छपराच्या वळलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवून दाखवले.