आवक क्रमांक आणि शेळीचा जीन

उस्मानाबादी शेळीच्या चरबीतला एफएबीपी४ जीन क्लोन करायला, म्हणजे जिवाणूत बसवून त्याच्या प्रती काढायला, मला सात महिने लागले. त्यातले अडीच महिने एका थर्माकोलच्या खोक्याने खाल्ले.

जीन तसा लहानखुरा. कोडिंग भाग ३९९ बेसचा, त्यातून १३२ अमिनो आम्लांचं प्रथिन; चरबीच्या पेशीत फॅटी अ‍ॅसिडची ने-आण करणारा हमालच म्हणा. खाटिकखान्यातून गुर्द्याभोवतीची चरबी आणली, तिच्यातून आरएनए काढला, त्याची डीएनए-प्रत म्हणजे सीडीएनए केली, पीसीआरने जीनच्या भरपूर प्रती काढल्या; सगळं सरळ झालं. डीएनए लांबीप्रमाणे वेगळा करणाऱ्या जेलवर चारशे बेसच्या रेघेला पट्टा आला तेव्हा मी लॅबभर चहा पाजला.

पुढची पायरी लायगेशन: जीनचा तुकडा (इन्सर्ट) प्लास्मिड या गोल डीएनएत, म्हणजे व्हेक्टरमध्ये, लायगेज एन्झाइमने चिकटवायचा. त्याचं किट संपलेलं, म्हणून नवं मागवलं. त्यातलं सगळं उणे २० अंशांना राहायला हवं. कुरिअर दिवाळीच्या तोंडावर आलं. आवक विभागाने सही करून खोकं टेबलाखाली सरकवलं. मला कळलं दुसऱ्या दिवशी.

"मॅडम, आवक क्रमांक पडल्याशिवाय देता येत नाही. रजिस्टर साहेबांकडे आहे."

"काका, आतला बर्फ वितळतोय हो."

"बर्फच वितळतोय ना? सामान कुठं जातंय!"

साहेब रजेवर, मग सुट्ट्या. सहाव्या दिवशी क्रमांक पडला. खोकं उघडलं तर जेल-पॅक कोमट.

तेव्हाच फेकायला हवं होतं. पण पुन्हा तीन कोटेशनं आणि पुन्हा फाइल या धास्तीने तेच वापरलं. जिवाणू वाढवायची प्लेट कोरी, नाहीतर दोन-चार निळ्या कॉलनी; जीन बसलेली कॉलनी पांढरी येते. जिवाणूत प्लास्मिड शिरावा म्हणून देतात तो ४२ अंशांचा हीट शॉक ४५ सेकंदांऐवजी ६० केला, इन्सर्टचं प्रमाण बदललं, लायगेशन रात्रभर ४ अंशांना ठेवलं. गाइड म्हणाले, "तुझे सेल्स बिघडलेत." तेही, म्हणजे प्लास्मिड घेणारे जिवाणू, नवे केले. शेवटी साधा अखंड प्लास्मिड टाकून पाहिला, तर शेकडो कॉलनी! म्हणजे सेल्स ठणठणीत. किटमधला चाचणीचा तयार तुकडा, कंट्रोल इन्सर्टही लागेना, तेव्हा संशय पक्का झाला. लायगेजच्या बफरमध्ये त्याला ऊर्जा देणारं एटीपी असतं, ते उष्णतेने आणि वारंवार वितळून-गोठून निकामी होतं. ही कंट्रोल प्लेट पहिल्याच दिवशी लावली असती तर अडीच महिने वाचले असते. एवढं मात्र माझ्या पदरात घाला.

शेजारच्या विभागातल्या मैत्रिणीने तिचं लायगेज आणि बफर उसनं दिलं. दुसऱ्या दिवशी प्लेटवर पांढऱ्या कॉलनी, साबुदाणा सांडल्यासारख्या. फिकट निळ्याही टाकू नका. लहान इन्सर्ट असेल तर त्यांतही कधीकधी निघतो.

आधी सांगायचं राहिलं: आरएनए काढताना चरबी ट्रायझॉल या रसायनात कुटून थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की वर तुपासारखा थर येतो. तो काढून टाका, मगच क्लोरोफॉर्म घाला. आणि पीसीआरला प्रूफरीडिंग (चुका दुरुस्त करणारं) एन्झाइम वापरलंत तर तुकड्याची टोकं बोथट येतात. टॅक एन्झाइमने शेवटी ए हा बेस जोडल्याशिवाय, टोकाला टी बेस असलेल्या टी-व्हेक्टरच्या नादी लागू नका.

सीक्वेन्स मेंढीच्या जीनशी जवळजवळ तंतोतंत जुळला, गायीशी थोडा कमी. तो जीनबँक या सीक्वेन्सच्या सार्वजनिक संग्रहात दाखल केला. सातासमुद्रापलीकडून नोंदणी क्रमांक यायला दोन दिवस लागले. तो मी वहीच्या मागच्या पानावर, आवक क्रमांकाच्या खाली लिहून ठेवलाय.

आता कुरिअर निघालं की मी स्वतः गेटवर उभी असते.